दोन्ही बाह्या सारख्या

४ जानेवारी

शिंपीमहाशयांस,

'तुम्ही' म्हणावं इतका तुझा मान ठेवायचा नाही, आणि 'तू' म्हणावं इतकं नातं मी सात वर्षांपूर्वीच तोडलं आहे. पण पत्र लिहायचं तर काहीतरी एक म्हणावंच लागतं, म्हणून 'तू' म्हणते. त्यातून भलता अर्थ काढू नकोस. तुझा नवा पत्ता मावशीकडून घेतला.

काम आहे म्हणून लिहिते. ते लोक ऑक्टोबरात सत्तेवरून गेले, तेव्हापासून इथल्या जुन्या टेलिफोन ऑफिसात चौकशी कार्यालय उघडलं आहे. तुरुंगात मेलेल्यांच्या घरच्यांनी जवळ असेल ती वस्तू तिथे नेऊन द्यायची. माझ्याकडे एकच आहे, माझ्या भोवऱ्याचा सदरा. चार वर्षांपूर्वी खाकी कागदात बांधून त्यांनी हातात ठेवला. सोबत चिठ्ठी होती, 'आजाराने मृत्यू'. तेवीस वर्षांच्या मुलाने चौकात उभं राहून पकडलेल्या माणसांची नावं मोठ्याने वाचली, आणि तो म्हणे आजाराने मेला. देह दिला नाही. एवढा एक राखाडी सदरा दिला, छातीवर नंबर लावलेला.

कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, कैद्यांचे कपडे कोण शिवायचं, माहीत आहे का? म्हटलं, चांगलं माहीत आहे. तर तू एवढंच लिहून पाठव, की हा सदरा मी तुरुंगाच्या शिवणघरात शिवला. खाली सही कर.

नाकारू नकोस, तुझा हात मी ओळखते. काजंसुद्धा हाताने केली आहेस. कैद्याच्या सदऱ्याला हाताची काजं! काल नेण्यासाठी घडी घालत होते. दोन्ही बाह्या पुढे आणून एकीवर एक ठेवल्या, तर धाग्याचाही फरक नाही. माझ्या मुलाला मारणाऱ्यांसाठी तू इतकं नीटनेटकं काम केलंस, हे मला अजून गिळता आलेलं नाही. वेडंवाकडं शिवलं असतंस तर एखादे वेळी माफ केलं असतं.

माझी नोकरी गेली, शाळेचं क्वार्टर गेलं, हल्ली एका खोलीत राहते. पण त्यांच्यापुढे मी एकदाही मान तुकवली नाही. हे तुला सुनवायचं होतं, तेही झालं.

भोवऱ्याची आई


११ जानेवारी

ती. ताईस,

पाकिटावर तुझं अक्षर दिसलं आणि मी दुकानाच्या पायरीवरच बसकण मारली. आत एक गिऱ्हाईक पोट आत ओढून कमरेचं माप द्यायला उभं होतं, ते बिचारं तसंच श्वास धरून राहिलं. पाकीट चिकटवलेलं होतं, कुणी फोडून पुन्हा लावलेलं नव्हतं. आपल्या दोघांच्या मधे बसून वाचणारं तिसरं कुणी आता नाही, याची मला आधी मौज वाटली. मग पत्र वाचलं आणि मौज संपली.

तू लिहिलंस ते खरं आहे. शिवणघरात मी दोन वर्षं काम केलं. ते बंद झालं आणि मला घरी पाठवलं, त्यानंतर पाच महिन्यांनी भोवऱ्याची बातमी आली. मावशीने सांगितली. तुझ्याकडे यायचं तोंड नव्हतं. गल्लीतल्या लोकांनी माझ्या दुकानाची काच दोनदा फोडली, तेव्हा ते गाव सोडून इथे आलो. तो सदरा मी आजवर पाहिलेला नाही.

जबाब सही करून सोबत ठेवलाय. पण, ताई, तो देऊ नकोस. सदराही देऊ नकोस. आधी माझं एक काम कर.

टेप घे. नसेल तर तुझी ती लाकडी फूटपट्टी घे, जिला आख्खा वर्ग घाबरायचा. डावी बाही खांद्याच्या शिवणीपासून कफाच्या कडेपर्यंत मोज. मग उजवी मोज. दोन्ही खांद्यांमधलं अंतर मोज, छाती मोज. नजरेने नको, मोजूनच लिही. कारण आत्ता विचारू नकोस. मी चुकत असेन, तर ते कारण तुला कधीच कळायला नको.

धाकटा


१८ जानेवारी

शिंपीमहाशयांस,

धन्य आहे तुझी. सात वर्षांनी बहीण मेलेल्या मुलाबद्दल लिहिते, आणि भाऊ म्हणतो बाहीचं माप पाठव. गिऱ्हाइकाची तक्रार आली की असंच उत्तर देतोस का? मी पत्र फाडायला घेतलं होतं. मग वाटलं, बघू तरी, निर्लज्जपणाची हद्द कुठवर जाते ते.

डावी बाही तेवीस इंच. उजवी बाही तेवीस इंच. खांदा एकोणीस. छाती सगळीकडून शेहेचाळीस. झालं समाधान?

आता माझं ऐक. आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी एक प्रश्न विचारायचे. जुलमी राज्य चालवायला किती माणसं लागतात? मुलं म्हणायची, एक राजा आणि खूप सैनिक. मी म्हणायचे, चूक. स्वयंपाकी लागतो, ड्रायव्हर लागतो, कुलपं दुरुस्त करणारा लागतो, शिंपी लागतो. त्यातला प्रत्येक जण रात्री घरी जाऊन सांगतो, मी आपलं माझं काम केलं. या सगळ्यांनी एका सकाळी हात आखडले, तर दुपारपर्यंत तुरुंगाचं दार उघडतं. ह्या धड्यावरूनच मला काढून टाकलं. आणि माझा सख्खा भाऊ त्याच तुरुंगात बसून काजं करत होता. शाळेत लोक माझ्याकडे कसे बघायचे, ठाऊक आहे?

कैद्याचा सदरा कितीही छान शिवला तरी तो कैद्याचाच सदरा. तुला एवढं कळत नसेल असं मला वाटत नाही. कळत असून शिवलास, म्हणून राग आहे.

सदरा द्यायला कार्यालयात सोमवारची वेळ होती, ती मी पुढे ढकलली आहे. का ढकलली, मला माहीत नाही.

भोवऱ्याची आई


२४ जानेवारी

ती. ताईस,

खुर्चीवर बस आणि मगच पुढे वाच.

भोवरा नऊ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे बघ, म्हणून तू त्याला शिडीवर चढवलंस. तो पडला, डावा हात मोडला. प्लॅस्टर निघालं, हात बरा झाला असं डॉक्टर म्हणाले आणि तूही म्हणालीस. बरा झाला, पण उजव्याच्या जोडीने वाढला नाही. तो अकरा वर्षांचा असताना शाळेच्या सदऱ्याचं माप घ्यायला गेलो, तर डावा हात अर्धा इंच कमी. मी टेप पुन्हा लावला, तशी त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, "मामा, आईला सांगायचं नाही. तिनेच मला चढवलं होतं ना. ती स्वतःला खात बसेल."

मी नाही सांगितलं. तेव्हापासून त्याचा प्रत्येक सदरा मीच शिवला, आठवतं? तू म्हणायचीस, मामाने लाडावून ठेवलंय. पुढे फरक पाऊण इंचावर जाऊन थांबला. डावी बाही पाऊण इंच आखूड ठेवायची, खांद्याची शिवण जराशी उतरवायची, की अंगावर दोन्ही बाजू सारख्या दिसतात. तू इस्त्री करताना बाह्या पाठीमागे दुमडतेस, म्हणून एकीला एक लावून कधी पाहिल्या नाहीस. इतकं बेमालूम शिवलं की त्याच्या आईलाच फसवलं. मला त्याचा केवढा गर्व होता! त्या गर्वाचं फळ बघ. मी तेव्हाच बोललो असतो, तर चार वर्षांपूर्वी पुडकं सोडताच तुला कळलं असतं.

ताई, तो सदरा भोवऱ्याचा नाही.

तू म्हणशील, तुरुंगातल्या कपड्याला कसलं माप. तेच सांगतो. साहेबाचा हुकूम होता, एकच मोठं माप, सगळ्यांना तेच, पोत्यासारखं. गेलो त्याच दिवशी पाहिलं, माणसं त्या पोत्यांत हरवली होती. चालताना एका हाताने विजार धरायची, म्हणजे हात वर करून बोलायची सोय नाही, लाथ चुकवायचीसुद्धा नाही. हे चुकून झालेलं नव्हतं. मी साहेबाला म्हटलं, साहेब, एका मापात कापड फार वाया जातं, माणसागणिक मोजून बेतलं तर चौथा हिस्सा वाचेल. खोटं होतं, पण त्याला शिवणकामातलं काय कळणार? कापड वाचणार म्हटल्यावर त्याने मान डोलावली.

मग मी एकेकाला बोलावून मापं घ्यायला लागलो. नाव विचारायची बंदी होती. लिहून ठेवायची बंदी होती. म्हणून आपल्या आजोबांची जुनी रीत काढली. दर माणसाला कागदाची एक लांब पट्टी, तिच्यावर लांबीच्या जागी कात्रीने खाच. एक खाच म्हणजे खांदा, दोन म्हणजे बाही, तीन म्हणजे छाती. सिमेंटच्या पिशव्यांचा कागद होता. आणि माप झालं की मी दुकानात विचारतो तेच प्रत्येकाला विचारायचो. ढिला की बसता?

पहिल्या माणसाला कळेचना. त्याला वाटलं काहीतरी डाव आहे. तुला काय आवडतं, हे त्याला आठ महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. त्याने एक हात वर करून काख चाचपली. पहारेकरी हसत होते. शेवटी म्हणाला, "जरा ढिला. काखेत काचतं मला." आणि जाताना ताठ चालत गेला.

भोवरा आला तेव्हा मी टेपकडे बघत होतो. त्याने सवयीने डावा हात आधी उचलला, तिथेच कळलं. ओळख दाखवली असती तर दोघंही गेलो असतो. मी खांदा मोजला. मग पुन्हा मोजला. खांदा मोजायला लागतो तेवढाच वेळ हात तिथे ठेवता येतो, म्हणून तिसऱ्यांदा मोजला. विचारलं, ढिला की बसता? तो म्हणाला, "बसता." आयुष्यभर माझ्याशी त्यावरूनच भांडला होता. त्याची छाती अडतीस. शेहेचाळीसात तो दोनदा मावेल. आणि त्याच्या सदऱ्याची डावी बाही मी तिथेही पाऊण इंच आखूडच शिवली.

तो जिवंत आहे असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. पण तो मेला, हे ज्या सदऱ्यावरून तू मानलंस, तो सदरा त्याचा नाही. आता एकच बघ. नंबराची पट्टी बारीक टाक्यांनी शिवलेली आहे, की लांब लांब टाके घालून नुसती टाचलेली? मी टाचत नसतो.

धाकटा


३१ जानेवारी

धाकट्या,

टाचलेली आहे. काळ्या दोऱ्याने, बोटभर लांब टाके. पट्टी जरा उचलली तर खाली बारीक भोकांची चौकट दिसते. तिथे आधी दुसरी पट्टी होती.

मी दोन दिवस काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी जेवले आणि लिहायला बसले. हातासंबंधी तुझ्यावर चिडायचं ठरवलं होतं, पण तेही नीट जमत नाही. शिडीवर मीच चढवलं होतं. अकरा वर्षांचं पोर आईला सांभाळून घेत होतं, आणि मला वाटत होतं मी त्याला सांभाळतेय.

आता मी एक सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं, की एकदाही मान तुकवली नाही. ते खोटं आहे. पुडकं घ्यायला गेले तेव्हा खिडकीवर एक छापील फॉर्म होता. 'मृत्यू मान्य आहे. कपडे मिळाले. आभारी आहे.' खाली सही. मी म्हटलं, आभार कसले मानायचे? तो म्हणाला, सही नाही तर पुडकं नाही. मी सही केली, धाकट्या. सुवाच्य अक्षरात, खाली तारीख घालून. दुसऱ्या कुणी केली असती तर मी तिला उभ्या जन्मात क्षमा केली नसती. तुझ्यावर इतका राग का धरला, त्याचं अर्धं कारण त्या फॉर्मवर आहे. माझी सही विसरायला मला तुझी काजं लागत होती.

काल कार्यालयात गेले. त्यांच्याकडे दोन कपाटं आहेत, मृतांचं आणि बेपत्तांचं. मृतांच्या कपाटात ज्याचा कागद गेला, त्याचा शोध घेत नाहीत. भोवऱ्याचा कागद तिथे माझ्याच सहीने गेलाय. बाई म्हणाल्या, तो हलवायचा तर मापं घेणाऱ्याचा जबाब लागेल आणि काहीतरी पुरावा लागेल. तुझ्या गावच्या कार्यालयात दिलास तरी चालतो. ये असं मी म्हणत नाही. पण जबाब दे.

ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

खाली 'ताई' लिहिलंस. मी ते गिऱ्हाइकाला दाखवलं. ते म्हणालं, बरं मग, माझी विजार कधी?

जबाब दिला. पुरावा मागितला तेव्हा माझा जुना कोट काढून टेबलावर ठेवला आणि अस्तर उसवलं. त्या पट्ट्या मी शिवणघरातून कोटाच्या आत कडकपणासाठी घालतात त्या कापडाच्या जागी शिवून आणल्या होत्या. झडती घेणाऱ्याने छाती दाबून बघितली आणि म्हणाला, कोट जाड आहे. म्हटलं, थंडी वाजते साहेब. दोनशे अकरा पट्ट्या आहेत. इथल्या बाईंनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या, तर टेबल पुरलं नाही, जमिनीवरही मांडल्या. नाव कुणाचंच नाही, पण घरच्यांना कळतं. एक म्हातारे गृहस्थ एका पट्टीवरून बोट फिरवत म्हणाले, एवढे लांब हात आमच्याच घरात आहेत. आता रोज कुणी ना कुणी येतं.

भोवऱ्याची पट्टी सापडली. दोन बाह्यांच्या दोन वेगळ्या खाचा असलेली ती एकच आहे. बाईंनी स्वतः मोजली, पाऊण इंच. तुझ्या सदऱ्याचं माप शेजारी लिहिलं आणि शिक्का मारला. कागद हलेल असं म्हणाल्या.

तुझ्या आठवीच्या धड्याला उत्तर द्यायचं आहे. तुझा धडा बरोबर आहे. सगळ्यांनी हात आखडले असते तर दार उघडलं असतं. मी आखडले नाहीत. मला म्हणाले, शिवणघर की खाण, आणि मी भीतीने शिवणघर म्हटलं. कैद्यांना मदत करायला गेलो वगैरे काही नाही. गेलो तो जीव वाचवायला. मापं घ्यायला लागलो तेव्हाही भीती गेली नव्हती. मला एवढंच दिसत होतं, की समोर माणूस उभा आहे आणि त्याचा एक खांदा दुसऱ्यासारखा नाही. ते न बघितल्यासारखं करणं मला जमेना. याला तुझ्या पुस्तकात काय म्हणतात ते तू सांग. तू सही केलीस, मी टाके घातले. आपण दोघंही घाबरलो होतो, ताई. तू त्या फॉर्मचं मनाला लावून घेऊ नकोस. मुलाचं काहीतरी हातात यावं म्हणून केलीस.

तुझ्याकडचा सदरा कुणाचा तेही कळलं, तू पाठवलेली मापं एकाच पट्टीशी जुळली आणि माणूस आठवला. छाती शेहेचाळीस, उजवा खांदा पडलेला. त्याला विचारलं, खांद्याला काय झालं? म्हणाला, पंचवीस वर्षं टपालाची पिशवी. फोडून बघायला द्यायची पत्रं तो न देता थेट घरोघर टाकायचा, म्हणून धरला होता. विचारलं, ढिला की बसता? म्हणाला, "ढिलाच शिवा. सुटल्यावर बायकोच्या हातचं खाल्लं की पोट सुटणार आहे." हे ऐकून पहारेकरीही हसला होता. तो सदरा जपून ठेव. त्याची कुणीतरी वाट बघत असेल.

धाकटा


९ मार्च

अरे धाकट्या,

सापडला! आला! माझ्या समोर पाटावर, नाही, खुर्चीवर बसून तिसऱ्यांदा जेवतोय. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

क्रमाने सांगते. तुझा जबाब आला तशी त्याचा कागद बेपत्तांच्या कपाटात गेला. चौथ्या दिवशी तिथल्या बाईंनी मला निरोप धाडला. त्याच खणात नोव्हेंबरपासून एक चिठ्ठी पडून होती, सरहद्दीवरच्या कार्यालयातून आलेली. एक मुलगा आईला शोधत होता. पत्ता आमच्या जुन्या क्वार्टरचा, जे पाडून टाकलंय. मृतांच्या कपाटात कुणी शोधलं नाही, कारण मेलेला मुलगा आईला कशाला शोधेल? आणि बेपत्तांच्या कपाटात मी नव्हतेच. त्याला कळवून टाकलं होतं, तुमच्या घरचं कुणी आढळत नाही. तुझ्या जुन्या दुकानावर पत्र टाकलं, ते परत आलं. तो समजून चालला होता की आपण दोघंही उरलो नाही.

तुझं शिवणघर बंद झाल्यावर त्यांना ट्रकने खाणीकडे नेलं. चढावर ट्रक हळू झाला आणि ह्याने उडी मारली. पळालेला कैदी दाखवला असता तर पहाऱ्यावरच्यांची मान गेली असती. म्हणून त्यांनी त्याला कागदावर आजाराने मारून टाकलं, कोठीतला हाताला लागला तो सदरा घेतला आणि त्यावर त्याचा नंबर टाचला. आणि हा चार वर्षं सरहद्दीपलीकडे एका बेकरीत पाव भाजत होता. इकडे पत्र टाकलं असतं तर मला उचललं असतं, म्हणून गप्प. चार वर्षं मी ज्या सदऱ्यापाशी रडत बसले, त्यानेच मला वाचवलं असंही म्हणता येईल, मेलेल्याच्या आईला कोण उचलतं?

स्टँडवर गेले होते. तो उतरला तर मला आधी ओळखूच येईना, दाढी ती केवढी. मग त्याने पिशवी घ्यायला डावा हात पुढे केला. आता मला तो हात सगळ्या जगात ओळखता येतो. जीव भांड्यात पडतो म्हणतात, माझा एवढा मोठ्याने पडला की कंडक्टर गाडी सोडायची थांबला. घरी आल्यावर मी टेप काढला. विकत आणून ठेवला होता. एक इंच आहे, पाऊण नव्हे. तुझं माप चुकलंय.

ताई

मामा, आईने पेन दिलंय पण शेजारीच उभी आहे, म्हणून थोडक्यात. तू खांदा तीनदा मोजलास. मी पुढची सगळी वर्षं ते मोजत होतो. नवा सदरा लागणार आहे. बसता. बेकरीत जाड झालोय, तरी बसताच. — भोवरा


१७ मार्च

ती. ताईस, आणि चि. भोवऱ्यास,

पत्र वाचून दुकान बंद केलं. पाटीवर लिहिलं, 'आज काम नाही, आनंद आहे.' दोघं जण विचारायला आले, सेल आहे का.

पाऊण इंचच आहे. तू हाताला टेप सैल लावला असशील. फूटपट्टी मारायला ठीक, माप घेणं वेगळं.

टपालवाल्याचा पत्ता लागला. बेपत्तांच्या यादीत तीन टपालवाले होते, त्यांतल्या एकाच्याच घरच्यांनी ती मापं सांगितली. त्याची बायको तुमच्याच शहरात राहते. तो तुरुंगातच, तुला पुडकं मिळालं त्याआधीच्या हिवाळ्यात वारला, हे त्याच्या सोबत असलेल्या एकाने तिला येऊन सांगितलंय. सदऱ्याचं अजून तिला ठाऊक नाही. कार्यालय म्हणालं, आम्ही कळवतो. मी म्हटलं, नको, माझी ताई नेऊन देईल. विचारल्याशिवाय तुझं नाव दिलं, रागावू नकोस.

धाकटा


२५ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. पण तीन दिवस जिन्याखाली उतरवेना. माझा मुलगा घरात बेसूर गाणी म्हणत हिंडतोय, आणि मी तिच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं? शेवटी भोवरा म्हणाला, "आई, तो तिचा आहे. तू चार वर्षं सांभाळलास, एवढंच." मग उठले.

सदरा धुतला नाही. टाचलेली पट्टी मात्र काढली. दोरा दातानेच तोडला.

ती दुसऱ्या मजल्यावर राहते. दारावर अजून टपालखात्याची जुनी पाटी आहे. मी कोण ते सांगितलं. माझा मुलगा परत आला हेही सांगितलं, ते लपवून आत शिरणं बरं दिसलं नसतं. ती म्हणाली, "बरं झालं. निदान एकीचा तरी आला." आणि स्वतःच मला खुर्ची दिली.

तिने सदरा उघडून दोन्ही हातांनी समोर धरला. उजव्या खांद्याची शिवण उतरती आहे, तिथे तिचा अंगठा गेला. मग तिने काजं पाहिली. म्हणाली, "हे तुरुंगातलं वाटत नाही. हे त्याच्यासाठी शिवलंय." मला वाटत होतं माझे सगळे धडे पाठ आहेत. चार वर्षं तो सदरा माझ्या कपाटात होता, आणि मला ते दिसलं नाही. तिला एका मिनिटात दिसलं.

मी तिला तुझं १२ फेब्रुवारीचं पत्र वाचून दाखवलं, फक्त त्याच्याबद्दलच्या ओळी. ढिलाच शिवा, पोट सुटणार आहे, इथवर आले आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली, पण हसणंही थांबेना. म्हणाली, "आयुष्यभर ढिलंच घालायचा हो. मी म्हणायचे, तंबू पांघरून पत्रं वाटत फिरतोस." मला वाटलं होतं तिने त्याला नंबर लावलेलाच ऐकला असेल, मार खाल्लेला ऐकला असेल. तो तिथेही विनोद करत होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते ऐकण्याची तिला फार गरज होती, मला तर वाटतं सदऱ्यापेक्षाही जास्त.

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. सदरा छातीशी होता. म्हणाली, "एक विचारू? तिथे, तसल्या ठिकाणी, त्याला ढिला की बसता असं विचारणारा कोण होता?"

सात वर्षांपूर्वी मी तुला एका ओळीचं पत्र टाकलं होतं. माझा भाऊ मेला असं मी समजते. ते तू ठेवलं असशील तर फाड.

मी तिला सांगितलं, माझा भाऊ.

रविवारी ये. टेप तुझाच आण, माझ्या टेपावर भोवऱ्याचा विश्वास नाही.

तुझी ताई